उजव्या कानाचा पापुद्रा

अय्यांनी माझ्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मंत्र सांगितला आणि मी म्हणाले, "काय?"

अय्या म्हणजे आमच्या मठाचे स्वामी. ऐंशीच्या घरातले, तोंडात एकही दात नाही, पण दबदबा असा की कचेरीतला पेशकारसुद्धा त्यांच्यापुढं मान खाली घालून उभा राहायचा. इतक्या वर्षांत कुणी शिष्य मंत्र ऐकून "काय?" म्हणाला नव्हता. त्यांनी पुन्हा वाकून मंत्र सांगितला. मला त्यांच्या तोंडाची वाफ तेवढी लागली. मी पुन्हा म्हणाले, "काय?" तिसऱ्यांदा त्यांनी जवळजवळ फुंकरच मारली, आणि मी शहाणपणा करून डावा कान पुढं केला. तिथं सगळं बोंबललं.

आम्ही लातूरचे लिंगायत. आमच्यात लिंग गळ्यात पडतं ते जन्मल्याबरोबर, पण गुरूनं उजव्या कानात मंत्र सांगून दीक्षा दिल्याशिवाय आमच्या घरातल्या मुलीचं लग्न होत नसे. मंत्रात गुपित असं काही नव्हतं. पाच अक्षरं. गंजातला, म्हणजे धान्यबाजारातला हमालसुद्धा ती म्हणतच पोतं पाठीवर घ्यायचा. मला तर पाळण्यातच पाठ झाली असतील. पण नुसती पाठ असून भागत नाही. ती गुरूच्या तोंडातून निघून शिष्याच्या कानातून आत गेली पाहिजेत. आणि माझ्या उजव्या कानातून गेली सहा वर्षं काहीच आत जात नव्हतं. बाहेर मात्र येत होतं. पू.

समोर उदगीरचे चन्नबसप्पा बसले होते. कापडाचे व्यापारी, कपाळभर विभूती, आणि त्यांच्या मुलाशी, शिवमूर्तीशी, माझं लग्न ठरलेलं. ते अप्पांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं वळून म्हणाले, "गुरुबसप्पा, पोरगी बहिरी हाय?"

"एका कानानं," अप्पा म्हणाले. "तेबी उलीसं."

"नेमका उजवाच?"

आमची गुरम्मा आत्या मध्ये पडली. आत्या अप्पांची थोरली बहीण, विधवा. माझी अव्वा, म्हणजे आई, मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून आमच्या घरात आत्याचं राज्य. निजामाचं लातुरावर जेवढं चालत होतं त्यापेक्षा आत्याचं आमच्या घरावर जास्त चालत होतं. ती म्हणाली, "अय्या, डाव्या कानात द्या की. आत गेल्यावर दोन्ही रस्ते एकाच जागी जातेत."

"डाव्यात देत न्हाईत," अय्या म्हणाले.

"का?"

"देत न्हाईत म्हणून देत न्हाईत."

इतका खुलासा झाल्यावर बोलायला काही उरलं नाही. चन्नबसप्पांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली. तोवर कान बरा झाला आणि मंत्र घेता आला तर लग्न, नाही तर उदगीरला मुली कमी नाहीत, असं ते म्हणाले आणि जेवून गेले. जेवले मात्र व्यवस्थित.

आता मला खरं सांगायला काही अडचण नाही. मला त्या लग्नाची काडीची हौस नव्हती. मला कान पाहिजे होता. सहा वर्षं मी अर्ध्या जगात राहिले. उजवीकडून कोण आलं कळायचं नाही, गंजात बैलगाडी अंगावर येईपर्यंत पत्ता लागायचा नाही, चार बाया हसल्या की नेमकी ज्यावर हसल्या तीच गोष्ट माझी हुकलेली असायची. या सहा वर्षांत माझ्या कानासाठी कुणी लातुराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आत्यानं घरच्या घरी लसणाचं तेल ओतलं, कडुनिंबाचा रस ओतला, रुईच्या पानाचा चीक ओतला. घरात जे जे पातळ होतं ते सगळं माझ्या कानात जाऊन आलं. पण मंत्र अडला म्हणताच दुसऱ्या दिवशी नांदेडच्या डॉक्टरची चौकशी सुरू झाली. देवाच्या कामासाठी का होईना, माझा कान कुणाला तरी आठवला, म्हणून मी मनातल्या मनात देवाला शाबासकी दिली.

कान कसा गेला, हे घरात बोलायचं नसायचं. विचारलंच कुणी तर "लहानपणी किडा गेला" असं सांगायचं. किडा कसला? मी दहा वर्षांची होते. औशाचं एक गिऱ्हाईक दुकानात तूरडाळ बघत होतं आणि मी पोत्यावर बसून होते. मी म्हणाले, "अप्पा, वरची चांगली हाय, खालची किडकी हाय." यात एक अक्षर खोटं नव्हतं. अप्पांनी कानफटात अशी दिली की मी पोत्यावरून खाली आले. थोडं रक्त आलं आणि मग सगळं शांत झालं. गिऱ्हाईक काय म्हणालं, ते मी अर्धंच ऐकलं.

नांदेडला आम्ही तिघं गेलो, सरकारी मोटारीनं. अहमदपूरपर्यंत आत्या शिवाचं नाव घेत होती, पुढं लोह्यापर्यंत ओकत होती. डॉक्टर अनंतरावांचा दवाखाना वजिराबादेत. माणूस ब्राह्मण, गोरा, गोल, सोवळ्याओवळ्याच्या घरातला, पण शिकलेला हैदराबादला, तोही सगळा उर्दूतून. शरीराच्या आतल्या वस्तूंची नावं त्यांना उर्दूत यायची किंवा इंग्रजीत. मराठीत त्यांना दुखतं, ठणकतं, खाजतं, एवढंच यायचं. बहुतेक रोग्यांचं तेवढ्यात भागत असावं.

त्यांनी कपाळाला गोल आरसा बांधला आणि माझ्या कानात बराच वेळ डोकावून बघितलं.

"कशानं झालं?"

"किडा गेल्ता," अप्पा म्हणाले.

"किड्याला हात होते काय?" डॉक्टर म्हणाले. अप्पांनी उपरणं नीट केलं. आत्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. "आतली झिल्ली फाटली आहे," ते म्हणाले.

"झिल्ली म्हंजे?" आत्या.

झालं. डॉक्टरांना मराठी शब्द सापडेना. "पडदा," ते म्हणाले.

"कानात पडदा? कशाला? आत कोण बायामाणसं बसलेत?"

"तसा पडदा नाही हो. कातडं म्हणा. पण कातडं जाड असतं, हे पातळ. दोन जागांच्या मध्ये ताणून बसवलेलं असतं. इकडचं तिकडं जाऊ देत नाही, पण आवाज आला की हलतं."

"चाळणी?"

"चाळणीतून गळतं. यातून गळत नाही."

"मग भिंतच की."

"भिंत हलते काय बाई?" डॉक्टरांना घाम फुटला. त्यांनी खिडकीतून आत घराकडं हाक मारून एक कांदा मागवला, चिरला, आणि दोन पाकळ्यांच्या मधून ओला, आरपार दिसणारा पदर नखानं सोडवून आत्यापुढं धरला.

"पापुद्रा," मी म्हणाले.

"पापुद्रा!" डॉक्टर इतके खूश झाले की मला वाटलं आता फी घेणार नाहीत. घेतली. पण शब्द सापडल्यावर त्यांना आवरेना. पापुद्रा कुठं कुठं असतो ते सांगत सुटले. मेंदूवर पापुद्रा, काळजाभोवती पापुद्रा, आतड्यांवर पापुद्रा, डोळ्यात, नाकात, गुडघ्यात. पोटातलं मूलसुद्धा पापुद्र्याच्या पिशवीत पोहत असतं. "माणूस म्हणजे काय, पापुद्र्यांचं गाठोडं," ते म्हणाले. "एक फाटला की इकडचं तिकडं होतं, आणि त्यालाच आम्ही आजार म्हणतो."

आत्याला ते लागलं. "आमी लिंगायत माणसं," ती म्हणाली. "आमच्यात नसतील."

"तुमच्यातही आहेत," डॉक्टर म्हणाले. "निजामातही आहेत."

हे ते जरा हळू बोलले. दिवस तसे होते.

कान आधी कोरडा करायचा होता. त्यांनी पूड दिली, धुवायला औषध दिलं, आणि आत्याला बजावलं की लसूण भाजीत घाला. पंधरवड्यानं आम्ही परत गेलो तेव्हा पू थांबला होता. डॉक्टरांनी पुन्हा आत बघितलं आणि म्हणाले, "आता भोक बुजवता येईल. ठिगळ लावू."

"कशाचं?" अप्पांनी विचारलं.

"लहान भोक असतं तर सिगारेटचा कागद चालला असता."

"तमाखू?" आत्या उठून उभीच राहिली. "पोरीच्या कानात तमाखू?" हे बोलताना तिच्या दातांवर सकाळची मिश्री काळी दिसत होती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. पण आत्याच्या हिशेबानं तोंड वेगळं आणि कान वेगळा.

"कागदात तंबाखू नसते हो. पण राहू द्या, भोक मोठं आहे, कागद धरणार नाही. दुसरा पापुद्रा लागेल. ओला, पातळ, चिकटून बसणारा." डॉक्टर थांबले. मग छताकडं बघत म्हणाले, "अंड्याच्या कवचाला आतून असतो तो."

मी अंडं तोवर पाहिलं होतं ते लांबून, रस्त्याच्या पलीकडून. आमच्या घरात त्याचं नाव घेतलं तरी चूळ भरायला लागायची.

"सायीचा चालत न्हाई का?" आत्यानं विचारलं. "माझ्या हातची साय लई जाड येती."

"सायीनं कान बुजत नाही."

"केळीच्या सोपटाचा? भुईमुगाच्या दाण्याचा? त्या दिवशी कांद्याचा दाखिवला की तुमी. आमी कांदाबी खात न्हाई चातुर्मासात, पर कानापुरता खपवून घेऊ."

"बाई, मी काय चटणी वाटून राहिलो?" डॉक्टर पहिल्यांदा चिडले आणि चिडल्यावर त्यांची मराठी एकदम सुधारली. "कांद्याचा सडतो. दाण्याचा फुटतो. अंड्याचा राहतो. करायचं तर बोला, नाही तर मोटार सुटते तीन वाजता."

अप्पा विचार करत होते. मी त्यांचं तोंड बघत होते. धर्म बुडतो म्हणून ते उठले असते तर मी जन्मभर अर्धीच राहिले असते, आणि ते उठणार असंच मला वाटत होतं. मी काही बोलले नाही. खरं बोलल्यावर काय होतं ते मला माहीत होतं.

"करा," अप्पा म्हणाले.

"अरे गुरू!" आत्या.

"करा म्हणलं की. आक्का, तू बाहीर बस."

आत्या बाहेर बसली नाही. ती माझ्याजवळ आली, माझ्या गळ्यातलं लिंग हातात घेतलं आणि त्याला आधी रुमाल, मग माझाच पदर, मग अप्पांचं उपरणं असं गुंडाळत गेली. लिंगाला वास लागू नये म्हणून. शेवटी माझ्या छातीवर एवढं मोठं बोचकं झालं की मला श्वास घ्यायला जड गेलं. अप्पांनी स्वतःचं लिंग मुठीत झाकलं आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

आता प्रश्न आला, अंडं आणणार कोण? अप्पा भिंतीला म्हणाले, "आमच्यातलं कुणी हात लावणार न्हाई. तुमच्यातलंबी न्हाई. बाजारातून कोण आणंल?"

डॉक्टर औषधांच्या कपाटाशी गेले, टिंक्चरच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि मागून एक अंडं काढलं. आत्याची नजर तेज. "तिथं आणखी हायत," ती म्हणाली.

"औषधाची आहेत."

"कशावर?"

"अशक्तपणावर." डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांच्याकडं बघून अशक्तपणाची शंका कुणालाच आली नसती. "आमच्या घरात बोलू नका," ते हळूच म्हणाले. "हिला चालत नाही." त्या दिवसापासून आत्याचा डॉक्टरांवर विश्वास बसला. जो माणूस बायकोला भितो तो वाईट नसतो, असं तिचं मत होतं.

मी डाव्या कुशीवर झोपले. डॉक्टरांनी अंडं फोडून आतलं सगळं वाडग्यात ओतलं, त्याकडं जरा हळहळून बघितलं, आणि चिमट्यानं कवचाच्या आतून पापुद्रा सोडवला. पांढरा, ओला, नखाएवढा. आधी त्यांनी भोकाच्या कडांना काही तरी लावलं, ते असं झोंबलं की मी आईला हाक मारली. मग कानात थंडगार काही तरी टेकलं.

आणि आवाज आला.

रस्त्यावरून टांगा जात होता. आत्या सुपारी चघळत होती. डॉक्टरांच्या नाकात बारीक शिट्टी वाजत होती. माझ्याच केसांचा गादीवर घासल्याचा आवाज येत होता. जग दोन्ही बाजूंनी उघडलं, म्हणजे पूर्ण झालं, आणि मी रडायला लागले. डॉक्टर ओरडले, "हुंदके नको, ठिगळ उडेल." मग मी दात आवळून, मान न हलवता रडले. इतकं सुखाचं रडणं मला पुन्हा जमलं नाही.

डॉक्टरांनी कानात कापूस घातला आणि सांगितलं, "चार महिने कानात थेंब जाता कामा नये. तेल नाही, औषध नाही, पाणी नाही. समोर गोदावरी वाहते, तिचंसुद्धा नाही. अंड्याचा तुकडा हा नुसता आधार. त्याला धरून हिचा स्वतःचा पापुद्रा वाढत येईल. भोक बुजलं की तुकडा वाळून मळाबरोबर निघून जाईल."

"म्हंजे अंडं निघून जाणार?" आत्या म्हणाली.

"जाणार. पण आपणहून."

आत्यानं यातलं पहिलं तेवढं लक्षात ठेवलं.

लातूरला आल्यावर घरात अंड्याबद्दल ब्र काढायचा नाही असं ठरलं. आत्या मला स्वयंपाकघरात घेईना. माझं ताट उजवीकडून वाढायची नाही, अंड्याच्या बाजूनं. तिच्या पुटपुटण्याचा मात्र मला शोध लागला. ती माझ्या उजव्या बाजूनं जाताना गेली सहा वर्षं मला काय काय म्हणत असणार, ते आता कापसातूनसुद्धा नीट ऐकू यायला लागलं. "अंडेवाली", "घोडी", "आईसारखीच". मी ऐकू येत नसल्यासारखं दाखवलं. बहिरेपणाची सवय झालेल्या माणसाला ते सोपं जातं.

संक्रांतीला अय्या आमच्या घरी आले. चन्नबसप्पा आले, शिवमूर्ती आला. तो सगळा वेळ स्वतःच्या बुटांकडं बघत होता; पुढं लग्न झाल्यावर चाळीस वर्षं त्यानं तेच केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पूजा झाली. मी कापूस काढला. अय्या वाकले आणि त्यांनी माझ्या उजव्या कानात मंत्र सांगितला.

मी ऐकला. बोळक्या तोंडातून आलेली, जरा थुंकी उडवत आलेली पाच अक्षरं. अंगावर सर्रकन काटा आला. मंत्रामुळं आला की कानामुळं, ते मला आजही सांगता यायचं नाही. मी तो त्यांना म्हणून दाखवला. अय्यांनी मान हलवली, चन्नबसप्पांनी हात जोडले, अप्पांनी सुस्कारा सोडला.

आणि आत्या अभिषेकाच्या तीर्थाचा तांब्या घेऊन आली.

"रुद्राणी, कान कर वर."

"कशाला?"

"काम झालं. मंत्र गेला आत. आता ती घाण धुऊन टाकू. डागदरच म्हणाला, निघून जाणार म्हणून. आज निघाली काय आन् उद्या निघाली काय."

तिचं चुकत होतं असं तिला वाटत नव्हतं, ही खरी भीती होती. अंडं म्हणजे मंत्र आत न्यायला केलेली सोय. मंत्र पोचला, आता सोय कशाला ठेवायची? वरातीनंतर मांडव ठेवतं का कुणी? माझ्या कानाचं पुढं काय होणार, हा विचार तिच्या डोक्यात यायला जागाच नव्हती. मी दोन्ही हातांनी उजवा कान झाकला.

"कसली घाण?" चन्नबसप्पांनी विचारलं.

आत्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. ब्राह्मण डॉक्टर, कपाट, टिंक्चर, अंडं. फक्त मिश्रीचा मजकूर गाळला. चन्नबसप्पा ऐकता ऐकता उठून उभे राहिले.

"लिंगायताच्या पोरीच्या कानात अंडं?"

"म्हणून तर धुऊन राहिले की!" आत्या म्हणाली आणि माझा हात ओढायला लागली. तिच्या हाताला जोर होता. तांब्या कलला, थोडं तीर्थ माझ्या खांद्यावर सांडलं. मी इतकी घाबरले की आजवर घरात कुणापुढं चढला नव्हता तेवढा आवाज चढवला.

"आत्या, या कानात अय्यांचा मंत्र हाय! पाणी वतलं तर मंत्रबी धुऊन जाईल!"

"मंत्र कानात र्‍हातो व्हय? तो काळजात गेला."

"काळजातच जायचा व्हता तर मागं डाव्या कानातून का न्हाई गेला?"

सगळे अय्यांकडं बघायला लागले. अय्या कोंडीत सापडले. मंत्र काळजात राहतो म्हणावं, तर डावा कान मागंच चालला असता आणि एवढी नांदेडवारी फुकट. कानात राहतो म्हणावं, तर मंत्र अंड्यावर बसलेला. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता शाप देतात. ते डोळे न उघडताच हळूच म्हणाले, "डागदर काय म्हणाला?"

"चार महिने थेंब नको म्हणाला, अय्या."

अय्यांनी डोळे उघडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंत्र मुरायला चार महिने लागतेत. तवर या कानाला पाणी नको."

"आन् अंडं, अय्या?" चन्नबसप्पा उभेच होते.

"खाल्लं काय तिनं?"

"न्हाई, पर…"

"कानानं कोण जेवतं, चन्नबसप्पा? तू जेवतोस?"

"न्हाई."

"मग साकु. साकु." अय्यांचं कानडी मध्येच वर यायचं; पुरे म्हणत होते. त्यांनी आत्याच्या हातातला तांब्या ओढून घेतला, तोंडाला न लावता वरून गटागटा सगळं तीर्थ पिऊन टाकलं आणि रिकामा तांब्या तिच्या हातात परत दिला. "सकाळपासून घसा वाळला व्हता. पानं वाढा."

गुरूपुढं चन्नबसप्पा काय बोलणार? खाली बसले. जेवणात त्यांनी या वेळीही कसर केली नाही, आणि लग्नाची तिथी काढूनच उदगीरला गेले.

संध्याकाळी ओसरीवर मी नवा कापूस घालून तूर निवडत बसले होते. पलीकडं आत्या सुपानं ज्वारी पाखडत होती, माझ्याकडं पाठ करून. रुसली होती. अप्पा दुकानातून आले आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले. ते नेहमी उजवीकडंच बसायचे. बसले की ओठ हलवायचे, तंद्री लागल्यासारखे. जप करतात, असं मी धरून चालले होते. सहा वर्षं मी तसंच समजत होते.

त्यांनी माझ्या कानातला कापूस बघितला आणि ओठ हलायला लागले.

"हात लई जोरात पडला गं रुद्री," अप्पा म्हणत होते. "डाळ किडकीच व्हती. चुकलं माझं."

माझे हात तुरीत तसेच राहिले. अप्पा समोर रस्त्याकडं बघत होते आणि तेच पुन्हा म्हणत होते, एका सुरात, म्हणजे ते नवं नव्हतं. रोज माझ्याजवळ येऊन, जो कान त्यांनीच बंद केला होता त्या कानात, हा माणूस हे सांगून जात होता. मला त्यांची कीव आली. आणि लगेच रागही आला, त्या थपडेचा आला नव्हता इतका. सहा वर्षं! डावा कान शाबूत होता. इकडून तिकडं उठून बसायला किती लागतं?

"अप्पा," मी म्हणाले, "ऐकू येऊन राहिलं."

त्यांचे ओठ थांबले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. ते उठायला लागले, तेव्हा मी त्यांचं धोतर धरलं.

"बसा. आन् मोठ्यानं म्हणा. आत्यालाबी ऐकू जाऊ द्या."

आत्याचं सूप थांबलं. तिनं मान वळवून आमच्याकडं बघितलं. अप्पांनी घसा खाकरला, एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं.